मोहरीएवढं मेण, रेशमाचा एक तंतू: शेन कुओच्या टिपणांतला चीन

शिवणकामाची एक सुई घ्या. तिचं टोक लोहचुंबकावर घासा. आता ही सुई अशी ठेवायची आहे की तिला कुठल्याही बाजूला विनासायास वळता यावं. कशी ठेवाल?

साडेनऊशे वर्षांपूर्वी चीनमधल्या एका माणसानं या प्रश्नाची सगळी उत्तरं करून पाहिली. सुई पाण्यावर तरंगत ठेवली तर पाणी हलतं आणि सुई डोलत राहते. नखावर किंवा वाटीच्या काठावर तोलली तर झर्रकन वळते, पण नख आणि वाटी दोन्ही टणक आणि गुळगुळीत, त्यामुळे घसरून पडते. सगळ्यात चांगली रीत त्यानं शेवटी सांगितली. नव्या रेशमातला एका कोशाचा तंतू घ्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या मेणानं तो सुईच्या कमरेला चिकटवा आणि वारा नसेल अशा जागी सुई टांगा. ती दक्षिण दाखवेल.

तंतू एकाच कोशाचा का? वळलेल्या दोऱ्याला स्वतःचा पीळ असतो. तो उलगडू लागला की सुईलाही फिरवतो आणि मग सुई चुंबकाचं ऐकते की दोऱ्याचं, हे कळत नाही. कोशातून निघालेल्या एकेरी तंतूला असा पीळ जवळजवळ नसतोच. प्रयोग करणाऱ्याचं लक्ष किती बारीक होतं, हे या एका निवडीवरून कळतं.

त्याच टिपणात आणखी एक निरीक्षण आहे. सुई बरोब्बर दक्षिण दाखवत नाही, ती नेहमी किंचित पूर्वेकडे झुकते. आज आपण याला चुंबकीय दिक्पात म्हणतो. पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याची टोकं आणि तिच्या चुंबकत्वाचे ध्रुव एका जागी नाहीत. हे चुंबकत्व पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून तयार होतं, म्हणून दिक्पात जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो. टिपण लिहिणाऱ्याला यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. चुंबक दक्षिण का दाखवतो याचं कारण सांगता येत नाही, असं त्यानं सरळ लिहून टाकलं. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. जे दिसलं ते लिहिलं, जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून लिहिलं.

या माणसाचं नाव शेन कुओ. जन्म १०३१, हांगचौचा. तेव्हा चीनमध्ये सोंग घराण्याचं राज्य होतं. १०६३ मध्ये तो राज्यसेवेची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुढची वीस वर्षं त्यानं सरकारी नोकरीत काढली. या काळात त्यानं कालवे खोदले, दरबाराचं खगोल खातं सांभाळलं आणि १०७५ मध्ये उत्तरेच्या ल्याओ राज्याशी सीमेचा वाद मिटवायला वकील म्हणून गेला. जाण्याआधी त्यानं दप्तरखान्यातले जुने कागद उपसून समोरच्यांच्याच जुन्या कबुल्या शोधल्या होत्या. सरहद्दीचा भूगोल सम्राटाला समजावा म्हणून त्यानं डोंगरदऱ्यांचा उठावाचा नकाशा बनवला. तो आधी भुसा आणि कणकेच्या खळीचा होता, मग थंडीत खळ टिकेना म्हणून मेणाचा केला आणि शेवटी लाकडात कोरून घेतला.

मग १०८२ मध्ये पश्चिम सरहद्दीवर सोंग फौजेचा मोठा पराभव झाला, त्याचं खापर शेन कुओवर फुटलं आणि त्याची कारकीर्द संपली. काही वर्षं नजरकैदेत गेल्यावर तो आजच्या चन्च्यांग शहरातल्या एका बागेत राहायला गेला. ही जमीन त्यानं पूर्वी न बघताच घेतली होती. प्रत्यक्ष पाहिली तेव्हा ती तरुणपणी वारंवार स्वप्नात येणारी जागा निघाली, असं तो सांगतो. तिथल्या ओढ्याला त्यानं नाव दिलं मंगशी, म्हणजे स्वप्न-ओढा. तिथे बोलायला माणसं नव्हती, लेखणी आणि दौत तेवढी होती, म्हणून १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या टिपणांना त्यानं ‘लेखणीशी गप्पा’ असं नाव दिलं.

प्राचीन चीनचे शोध म्हटलं की आपल्याला शाळेत पाठ केलेली चौकडी आठवते: कागद, छपाई, बंदुकीची दारू, होकायंत्र. यादी खरी आहे, पण यादीतून शोध कसा लागतो ते कळत नाही. कागदाचंच बघा. इ. स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्यानं झाडाची साल, ताग, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी कुटून केलेला कागद सम्राटाला दाखवला. दरबाराच्या बखरीत त्याची नोंद झाली आणि कागदाला शोधकर्ता मिळाला. पण त्याच्याही आधीच्या काळातले कागदाचे तुकडे उत्खननात सापडले आहेत. ते करणारे हात कुणाचे, हे कुठल्याच बखरीत नाही.

शेन कुओ मला वेगळा वाटतो तो इथे. तरुणपणी एका वरिष्ठ मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलं होतं की हत्यारं, यंत्रं, मापं, रंग हे सगळं काही ऋषिमुनींनीच निर्माण केलेलं नाही. कारागीर, कारकून, बाजारातली आणि शेतातली माणसं, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पुढे त्याच्या टिपणांत हीच माणसं दिसतात.

हांगचौमध्ये एक लाकडी मनोरा बांधला जात होता, त्याची गोष्ट त्यानं लिहिली आहे. दोन-तीन मजले चढल्यावर राजा वर गेला आणि मनोरा डुलतोय म्हणून तक्रार केली. मिस्त्री म्हणाला, अजून कौलं घातली नाहीत, वरचं वजन कमी आहे म्हणून डुलतो. कौलं घातली, तरी डुलणं तसंच. शेवटी मिस्त्रीनं आपल्या बायकोला यू हाओ या नामांकित सुताराच्या बायकोकडे पाठवलं, सोन्याच्या केसपिना भेट देऊन. यू हाओ हसला आणि म्हणाला, सोपं आहे, प्रत्येक मजल्यावर फळ्या पसरा आणि त्या खिळ्यांनी घट्ट ठोका. तसं केल्यावर मनोरा स्थिर झाला.

यातलं शास्त्र घरीही कळेल. झाकण नसलेलं पुठ्ठ्याचं खोकं बाजूनं दाबा, ते चेपून तिरकं होतं. तेच खोकं वरून चिकटपट्टीनं बंद करा आणि पुन्हा दाबा; आता ते सहज तिरकं होत नाही. खिळ्यांनी पक्की केलेली जमीन चारी भिंतींना एकमेकींशी बांधते आणि एका बाजूला आलेला जोर सगळीकडे वाटला जातो. शेन कुओनंही खोक्याचाच दाखला दिला आहे: खाली, वर आणि भोवती सगळ्या बाजू एकमेकींना धरून ठेवतात. यू हाओनं सुतारकामावर लिहिलेला ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यातलं जे थोडं आपल्याला माहीत आहे, ते या टिपणांमुळे.

दुसरी गोष्ट पिवळ्या नदीची, ह्वांगहोची. १०४० च्या दशकात नदीनं बांध फोडला. भगदाड दोन्ही बाजूंनी बुजवत आणायचं आणि मधली शेवटची फट काटक्या, गवत आणि मातीच्या प्रचंड भाऱ्यानं बंद करायची, अशी रीत होती. हा भारा साठ पावलं लांबीचा असे. चिनी पाऊल म्हणजे डावं-उजवं मिळून साधारण दीड मीटर, म्हणजे जवळजवळ नव्वद मीटरचा भारा. तो काही केल्या तळाला बसेना. काव चाव नावाचा एक बांधकामगार म्हणाला, भारा फार लांब आहे, माणसांच्या जोरानं तो तळापर्यंत दाबला जात नाही, म्हणून खालून पाणी वाहत राहतं आणि दोर तुटतात. वीस-वीस पावलांचे तीन तुकडे करा. पहिला बुडाला की दुसरा, मग तिसरा.

जुने कामगार म्हणाले, वीस पावलांच्या भाऱ्यानं पाणी अडणार नाही, उगाच तिप्पट खर्च. काव चावचं उत्तर असं: पहिल्यानं पाणी अडणार नाही हे खरंच आहे, पण त्याचा जोर अर्धा होईल. दुसरा बसवायला अर्धीच ताकद लागेल. त्यानंतरही थोडं पाझरेल, पण तिसरा बसवायचा तो जवळजवळ जमिनीवर काम केल्यासारखा, तिथे माणसांना पूर्ण जोर लावता येईल. आणि तिसरा बसला की पहिल्या दोघांत गाळ भरून त्यांची भोकं आपोआप बुजतील.

मुख्य अधिकाऱ्यानं ऐकलं नाही. एका दुसऱ्या अधिकाऱ्याला मात्र काव चावचं पटलं होतं. त्यानं गुपचूप नदीच्या खालच्या अंगाला माणसं पाठवली, वाहून येणारा भारा गोळा करायला. भारा खरोखरच वाहून गेला आणि मुख्य अधिकाऱ्याला शिक्षा झाली. मग काव चावच्या रीतीनं भगदाड बुजलं. मोठं काम आपल्या ताकदीच्या मापाचे तुकडे करून करायचं, ही अभियांत्रिकीतली किती पायाभूत गोष्ट आहे! आणि ती सांगणाऱ्या कामगाराचं नाव एका बड्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं.

उत्तर शान्शीत नदीकाठच्या वाळूत, दगडांत पाण्याबरोबर एक तेल झिरपत असे. तिथले लोक ते फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांनी टिपून मडक्यात भरत. दिसायला लाखेच्या रोगणासारखं, जळताना धूर इतका की तंबूच्या कनाती काळ्या पडत. शेन कुओला त्या काळेपणातच उपयोग दिसला. चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस, जशी आपल्याकडची जुनी शाई काजळ आणि डिंकाची. काजळीसाठी पाइनची झाडं जाळावी लागत आणि त्यापायी डोंगरच्या डोंगर बोडके होत चालले होते, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं या तेलाची काजळी धरून शाई केली. ती पाइनच्या शाईपेक्षा काळी आणि चकचकीत निघाली. पुढे हे तेल जगभर चालेल, असं त्यानं लिहिलं. तेलाला त्यानं शब्द वापरला ‘शियू’, म्हणजे दगडातलं तेल. चिनी भाषेत पेट्रोलियमला आजही हाच शब्द आहे. त्याच भागात यानचांगला १९०७ मध्ये आधुनिक पद्धतीनं तेलविहीर खोदली गेली.

एक गोष्ट मात्र तो चुकला. हे तेल जमिनीत अमर्याद आहे, असं त्याला वाटलं.

थायहांग पर्वतातून जाताना त्याला कड्याच्या पोटात शिंपल्यांचा आणि गोल गोट्यांचा पट्टा दिसला. समुद्र तिथून हजार ‘ली’च्या आसपास दूर, म्हणजे साधारण पाचशे किलोमीटर. त्यानं तर्क केला की ही कधीकाळी किनारपट्टी होती, आणि पुढची सगळी जमीन गढूळ नद्यांनी आणलेल्या गाळाची आहे. उत्तर चीनचं मैदान खरोखरच गाळाचं आहे. खडक जमिनीतून वर उचलले जातात, हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी शिंपल्यावरून समुद्र ओळखणं ही भूगर्भशास्त्राची नेमकी रीत आहे. आजच्या यानआनजवळ दरड कोसळून जमिनीखाली दगड झालेले ‘बांबू’ सापडले, तेव्हाही त्यानं असाच विचार केला: इथे तर बांबू उगवत नाही, मग फार पूर्वी इथली हवा दमट असेल का? ते अवशेष बांबूचे नसावेत असं आज मानतात. प्रश्न तरीही योग्यच होता.

पोलादाबद्दलचं त्याचं स्पष्टीकरण वाचून तर मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि शेवटी चिवट, रबरासारखा गोळा उरतो. लोखंडात पोलाद तसंच असतं, असं तो म्हणतो. त्सचौच्या भट्टीवर त्यानं पाहिलं: लोखंड तापवायचं, ठोकायचं, वजन करायचं. दर वेळी वजन घटतं. शंभरेक वेळा ठोकून झाल्यावर वजन घटायचं थांबलं की ते शुद्ध पोलाद. आजच्या भाषेत सांगायचं तर ठोकताना मळी आणि गंजाचे पापुद्रे निघून जातात आणि कार्बनचं प्रमाण बदलतं. कार्बन फार असेल तर बिडासारखं ठिसूळ, अगदी नसेल तर मऊ, आणि मधल्या बेताचं ते पोलाद. कार्बन म्हणजे काय हे माहीत नसताना ‘वजन थांबेपर्यंत’ ही मोजता येणारी खूण भट्टीवाल्यांनी शोधली होती.

चंद्राच्या कला समजावताना त्यानं रुपेरी गोळ्याची अर्धी बाजू पावडरनं रंगवली. बाजूनं पाहिलं तर कोर दिसते, समोरून पाहिलं तर पूर्ण बिंब. आणि तंतुवाद्यावर कागदाची बाहुली: एका तारेवर कागदाचा माणूस ठेवायचा आणि तिच्याशी स्वर जुळणारी दुसरी तार छेडायची. कागदाचा माणूस उडी मारतो, बाकीच्या तारा ढिम्म राहतात. सतारीच्या तरफांना न छेडता झंकार फुटतो, तेच तत्त्व.

आता छपाई, जिच्यासाठी शेन कुओचं नाव जगभर घेतलं जातं.

चीनमध्ये ठोकळ्यांवरची छपाई त्याच्याआधी कितीतरी जुनी. तुनह्वांगच्या गुहेत सापडलेली वज्रच्छेदिका सूत्राची छापील गुंडाळी ८६८ सालची आहे. छापल्याची तारीख असलेलं हे सगळ्यात जुनं पूर्ण पुस्तक, आणि मजकूर संस्कृतातून चिनीत गेलेला. कृती अशी: लेखनिक पातळ कागदावर सुंदर अक्षरात पान लिहितो, ते पान उलटं करून लाकडी फळीवर चिकटवतात, कोरणारा अक्षरं सोडून बाकीचं लाकूड काढून टाकतो. फळीवर शाई, वर कागद, त्यावर कोरड्या कुंचल्याचा हात. झालं पान. ९७१ ते ९८३ या काळात छंतूमध्ये सगळं बौद्ध त्रिपिटक असं कोरलं गेलं, सुमारे १,३०,००० फळ्यांवर.

१०४० च्या दशकात बी शेंग नावाच्या माणसानं पान कोरायच्या ऐवजी एकेक अक्षर कोरलं. शेन कुओ पुढची कृती इतकी नेमकी सांगतो की आजही ती करून पाहता येईल. चिकणमातीवर अक्षर कोरायचं, उंची नाण्याच्या कडेएवढी. ठसे आगीत भाजून पक्के करायचे. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख यांचं मिश्रण पसरायचं, त्यावर लोखंडी चौकट ठेवून तिच्यात ठसे खेटून बसवायचे. पत्रा शेकला की मिश्रण मऊ होतं. मग सपाट फळीनं वरून दाबायचं, सगळे ठसे एका पातळीत येतात आणि थंड झाल्यावर पक्के बसतात. छापून झालं की पत्रा पुन्हा शेकायचा आणि हातानं झाडायचं, ठसे सुटून येतात. दोन पत्रे ठेवायचे: एकावर छपाई चालू असताना दुसऱ्यावर जुळवणी. वारंवार येणाऱ्या अक्षरांचे वीस-वीसहून जास्त ठसे, इतरांचे थोडे, आणि एखादं दुर्मिळ अक्षर आलं की तिथल्या तिथे कोरून गवताच्या जाळावर भाजायचं. ठसे ठेवायचे यमकांच्या गटांप्रमाणे, कागदी चिठ्ठ्या लावून. लाकूड का नको, तेही सांगितलं आहे: रेषा कुठे दाट कुठे विरळ, ओल लागली की फुगून पातळी बिघडते आणि मिश्रणाला चिकटून सुटत नाही.

छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवणारा आपल्याकडचा जुळारी हे वर्णन वाचून लगेच ओळखेल.

मग ही पद्धत चीनभर का पसरली नाही? शेन कुओनं स्वतःच लिहिलं आहे: दोन-तीन प्रतींसाठी ही सोपी नाही, शेकडो, हजारो प्रती काढायच्या तर विलक्षण वेगवान. रोमन लिपीला काही डझन अक्षरं पुरतात, चिनीला हजारो लागतात, शिवाय नेहमीच्या अक्षरांच्या कितीतरी प्रती. १३०० च्या सुमारास वांग चन या अधिकाऱ्यानं लाकडी ठसे केले तेव्हा ते साठ हजारांहून जास्त भरले आणि ते हाताशी यावेत म्हणून त्याला फिरती गोल मेजं बनवावी लागली. उलट कोरलेल्या फळ्या एकदा तयार झाल्या की कपाटात ठेवता येत. गिऱ्हाईक आलं, काढा पन्नास प्रती. दहा वर्षांनी आलं, आणखी काढा. जुळवलेलं पान मात्र मोडावंच लागतं, नाहीतर ठसे अडकून पडतात. प्रकाशकाच्या हिशेबात बहुतेक वेळा फळीच परवडत असे.

ही अडचण मराठीला अनोळखी नाही. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरली की देवनागरीला शेकडो खिळे लागत. म्हणून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे शिळाछाप खूप चालला, दगडावर हस्ताक्षर उतरवून छापणं. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत छापलेलं पंचांग शिळाछापाचंच होतं. चांगलं तंत्र आणि सोयीचं तंत्र यांचा झगडा प्रत्येक लिपीला आपापल्या परीनं सोडवावा लागतो, आणि लाकडी फळ्यांना चिकटून राहिलेल्या चिनी छापखानदारांना मागासलेलं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बी शेंगबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं या एका टिपणातून. तिथे त्याचं गाव दिलेलं नाही, वय नाही, त्यानं कोणतं पुस्तक छापलं तेही नाही. नावाआधी दोन अक्षरं आहेत, ‘बू यी’. शब्दशः अर्थ साधं कापड घालणारा, म्हणजे हुद्दा नसलेला सामान्य माणूस. तो वारल्यावर त्याचे मातीचे ठसे शेन कुओच्या पुतण्या-भावंडांच्या हाती आले. ते आजही मौल्यवान वस्तूसारखे जपून ठेवले आहेत, असं लिहून शेन कुओनं ते टिपण संपवलं आहे.